हात थांबला की आवाज पास

लोटन मिस्त्री दर रविवारी सकाळी चुलीपासून तीन हातांवर बसतो आणि भाकरी थापणाऱ्या बायकोच्या हातांकडे टक लावून बघतो, ही बातमी आमच्या गल्लीत पहिल्यांदा मीच पसरवली. लग्नाला बारा वर्षं झालेला माणूस बायकोचे हात बघत बसतो म्हणजे काहीतरी भानगड असणारच, असा माझा सरळ हिशोब होता. गल्लीतल्या बायकांनी त्यात आपापली भर घातली. एकीने सांगितलं, भागाबाईने मंतरलेल्या पाटल्या घातल्या आहेत. दुसरी म्हणाली, कुणीतरी पीठ चोरून विकतं असा लोटनला संशय आहे. आठवड्याभराने ती बातमी फिरून माझ्याच दुकानात परत आली तेव्हा मला ओळखूसुद्धा आली नाही.

खरी गोष्ट याहून विचित्र होती. लोटन आवाज बनवत होता आणि बायकोच्या हातावर तो तपासत होता.

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझं शिवणकामाचं दुकान. बँडवाल्यांचे लाल कोट, सोनेरी झालरी, खांद्यावरचे गोंडे हे माझं काम. चार घरं सोडून लोटनचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान आणि मागे त्याचं घर. अंगाने काटकुळा, बोलायला कंजूष. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने दोनदा विचारलं तर तिसऱ्यांदा उपाशी उठेल असा माणूस. मी त्याला चिडवायचो, की लोटन, तू देवाकडे तोंड मागायला गेलास तेव्हा तिथली जीभ संपली होती, म्हणून तुला दोन्ही हात जास्तीचे दिले. तो हसायचा आणि पुन्हा पट्टी फुंकत सोल्डर लावायला लागायचा.

साल शहाऐंशी असेल. एका शाळेत सरकारी योजनेतून कॉम्प्युटर आला होता. टीव्हीला जोडायचा, टाइपरायटरसारखी बटणं, आणि त्याला वेगळी खोली, दाराबाहेर चपला. सहा महिन्यांत तो बंद पडला. मुंबईचा माणूस येईना, म्हणून गणिताच्या सरांनी लोटनला बोलावलं. लोटनने उघडला, आत बघितलं, आणि म्हणाला की ह्याचं पोट रेडिओपेक्षा सोपं आहे. दुपारपर्यंत मशीन सुरू. मजुरी काय द्यायची विचारलं तर म्हणाला, शनिवारी शाळा सुटल्यावर मला ह्याच्यासमोर दोन तास बसू द्या. सरांनी बसू दिलं, वर त्याला लिहायला शिकवलं. त्या मशीनला काय सांगितलं की ते काय करतं, ते सगळं. सातवी पास लोटन ते पंधरा दिवसांत शिकला. आपले पदवीधर सर त्याच्या मागे उभे राहून बघत. पुढे शाळेत नवी मशीनं आली तेव्हा जुनं त्यांनी लोटनच्याच पदरात टाकलं.

आता त्याने जे केलं ते मला त्याने चहा पिता पिता सांगितलं, तसं सांगतो. कुठलाही आवाज म्हणजे एक मोठी लाट. तिच्या पाठीवर तिच्या दुप्पट वेगाची लहान लाट, तिच्यावर तिप्पट वेगाची आणखी लहान. असे पंधरा-सोळा थर. कुठला थर किती घ्यायचा त्यावर सनई की बासरी की गाढव ते ठरतं. भाजीत मसाला किती, तसं. लोटन मशीनला थरांचे आकडे द्यायचा, मशीन त्यांची बेरीज करायचं, आणि मागे त्याने रेझिस्टन्सची, म्हणजे रेडिओत असतात त्या बारीक रंगीत नळ्यांची, एक शिडी जोडून ठेवली होती तिच्यातून त्या आकड्यांचा आवाज होऊन बाहेर यायचा. एक आवाज तयार व्हायला पाऊण तास लागे. तो म्हणायचा, शिजतोय. मधे वीज गेली की पातेलं उलटं, पुन्हा पहिल्यापासून.

पुढे त्याला वाटलं, आपण आकडे घालतो ते ओळखीचेच घालतो, म्हणून आवाजही ओळखीचे निघतात. मग त्याने मशीनलाच आकडे टाकायला लावले, पत्ते पिसून वाटावेत तसे. दहा आवाज निघायचे, आठ भंगार, दोनांत काहीतरी जीव. त्या दोनांच्या आसपासचे आकडे घेऊन पुन्हा पिसायचं. असं करत करत चार-पाच रविवारी एक आवाज हाताला लागायचा, जो ह्या जगात कुठल्याच वाद्याचा नव्हता. त्यांना नावंही त्याने आपल्या इकडचीच दिली होती. कापसाची सरकी काढणाऱ्या जीन-कारखान्याच्या भोंग्यासारखा लांब ओढत चढणारा तो 'जीन'. फाटत जाणारा ओला आवाज, तो 'केळीचं पान'. खालून गुरगुरणारा 'डाळमिल'. वहीत नाव, खाली सोळा आकडे, आणि पास झाला तर पुढे बरोबरची खूण.

आणि पास करणार कोण, तर भागाबाई. पहिल्यांदा त्याने तिला तोंडी विचारलं. तिने पहिल्या आवाजाला आमच्या अहिराणीत म्हटलं, चांगलं शे, म्हणजे चांगलं आहे. दुसऱ्याला, चांगलं शे. गाढवालाही, चांगलं शे. नवरा इतक्या हौसेने विचारतो आहे, त्याला वाईट कोण म्हणणार. मग एकदा भाकरी थापताना तिचा हात मधेच थांबला. 'जीन' वाजत होता. थप थप थप, आणि एकदम काही नाही. भाकरी हातावर तशीच. लोटनने ते पाहिलं आणि त्या दिवशी तिला नियम घालून दिला. "तू काही बोलू नको. तुनं तोंड माले खूश कराले बोलस. हात खरं बोलस."

तेव्हापासून ती चुलीकडे तोंड करून भाकरी थापायची, तो तिच्या पाठीमागे बसून आवाज वाजवायचा. हात थांबला की आवाज पास.

हे कळल्यावर मला गप्प बसवेना हे उघड आहे. फारुख मास्तर कोटाचं माप द्यायला आले होते. त्यांचा बँड धुळ्यातला जुना, ते स्वतः क्लॅरिनेट वाजवत. भला माणूस, फक्त पोटाचं माप घेताना श्वास आत ओढायचे आणि मग कोट घट्ट झाला म्हणून मला बोल लावायचे. त्यांना मी लोटनकडे पाठवलं. त्यांच्या बँडमध्ये झिपरू नावाचा कॅसिओ वाजवणारा होता, तीन पोरींचा बाप, इतका भित्रा की हातगाडीवर बसल्यावर वरातीतल्या फटाक्यांनी त्याचे सूर चुकायचे. त्याच्या त्या चिमुकल्या कॅसिओत एक सोय होती. बाहेरचा एक आवाज आत भरून घेता यायचा आणि मग तोच आवाज सगळ्या पट्ट्यांवर वाजायचा. खोड एकच, बटण बंद केलं की भरलेला आवाज गेला. म्हणून दर लग्नाआधी झिपरू लोटनकडे यायचा, आवाज भरून घ्यायचा, आणि तान्हं मूल न्यावं तसा तो कॅसिओ उराशी धरून, बटण न लागेल अशा बेताने निघायचा.

भडगावच्या एका लग्नात 'जीन' पहिल्यांदा वाजला. पोरांनी एका चौकातून बँडला दीड तास हलू दिलं नाही. नवरदेव घोड्यावर पेंगला. मुहूर्त गेला, भटजी रागावून नवऱ्या मुलीच्या मामाच्या घरी जाऊन झोपले, आणि त्यांना उठवायला दुसरी वरात न्यावी लागली. त्यानंतर पहूरपासून साक्रीपर्यंत लोक बँड ठरवताना आधी विचारू लागले की त्यात लोटनचा आवाज आहे का. जळगावचे बँडवाले गर्दीत टेपरेकॉर्डर लपवून घेऊन यायचे, पण त्यांच्या टेपमध्ये नाचणाऱ्यांच्या शिट्ट्याच जास्त यायच्या. लोटन सगळ्या लग्नसराईत हातगाडीवर झिपरूच्या शेजारी बसायचा. आवाज उडाला तर पुन्हा भरायला माणूस हवा ना. त्याच्या डोक्याच्या वीतभर वर दोन भोंगे. दिवसातून दोन लग्नं, सात लग्नसराया. तेव्हा आम्हाला कुणाला ते खटकलं नाही. बँडवाल्यांच्या कानाचं काय व्हायचं ते होतच असतं असं आम्ही धरून चाललो होतो.

खुणा दिसत होत्या, पण मी त्यांचे विनोद केले. भागाबाई माहेरी गेली असताना कुकरच्या शिट्ट्या होत राहून डाळ जळाली आणि लोटन शेजारच्या खोलीत बसलेला. शिट्टीच बिघडली असेल म्हणून त्याने ती बदलली. नवी शिट्टीही त्याला ऐकू येईना. गल्लीत मी सांगत फिरलो, की बायको माहेरी असली तरी हा तिचं ऐकत नाही. लोक हसले. मीही हसलो.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यातला तो रविवार मात्र मी कधी विनोदाला वापरला नाही. मी एक बिघडलेला टेप घेऊन लोटनकडे गेलो होतो आणि मागच्या दाराशी बसलो होतो, म्हणजे चुलीच्या पलीकडे, भागाबाईच्या समोर. लोटन तिच्या पाठीमागे. तो म्हणाला, नाना, ऐका, ह्या आवाजाचं नाव 'सुई'. आणि त्याने बटण दाबलं.

स्टीलच्या ताटावर कुणी सुरी उभी धरून ओढावी तसं काहीतरी माझ्या दातांतून गेलं. भागाबाईचा हात थांबला. भाकरी मधून फाटली. तिचे डोळे घट्ट मिटले होते आणि मान खांद्यात गेली होती, जशी पोरांची मार खाण्याआधी जाते. लोटनला दिसत होती तिची पाठ आणि थांबलेला हात. त्याने वही उघडली आणि मोठी खूण केली.

"कसं शे, नाना?"

भागाबाईने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तिला बोलायची बंदी होती, मला नव्हती. तो वहीवर वाकला होता आणि त्याचा चेहरा असा फुलला होता, की इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

मी म्हणालो, "एक नंबर."

एवढंच. जगात रोज माणसं याहून मोठं खोटं बोलतात आणि सुखाने झोपतात.

पुढच्या आठवड्यात 'सुई' एका लग्नात वाजली. पहिल्याच सुराला घोडा दोन पायांवर उभा राहिला आणि नवरदेव बाशिंगासकट कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगात पडला. फार लागलं नाही, पण ओठ एवढा सुजला की लग्नाच्या फोटोत तो फक्त रुमाल धरून दिसतो. लहान पोरं रडली, म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले, नाचणारे पांगले. लोटन गाडीवर होता. त्याला वाटलं घोडा फटाक्याने बिथरला.

दुसऱ्या दिवशी फारुख मास्तर आणि झिपरू माझ्या दुकानात. लोटनला सांगायचं कुणी, हा प्रश्न. झिपरू म्हणाला, माझी हिंमत नाही. मास्तर म्हणाले, ज्याच्या आवाजावर माझा बँड उभा आहे त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की तुझा कान गेला. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण गावातली प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगण्याचा माझा लौकिक होता. मी म्हणालो, बघू. आणि त्याऐवजी तोड काढली. ती तोड माझीच होती, हे कबूल करून टाकतो. झिपरूने नेहमीप्रमाणे लोटनकडून नवा आवाज भरून घ्यायचा. कोपरा वळला की कॅसिओचं बटण बंद करायचं, नवा आवाज उडवायचा. मग माझ्या दुकानात यायचं. तिथे मी 'जीन'ची जुनी कॅसेट ठेवली होती, ती माझ्या टेपवर लावून जुनाच आवाज भरायचा आणि लग्नाला जायचं. लोटनने गाडीवर बसू नये म्हणून मास्तरांनी त्याला सांगितलं, की तू आता मोठा कलाकार, तू हातगाडीवर बसलास तर आम्हालाच लोक नावं ठेवतात. तो लाजला आणि घरी राहू लागला.

अशी दोन वर्षं. दर लग्नानंतर तो माझ्याकडे यायचा, मशीनवर कापड सरकत असताना समोरच्या स्टुलावर बसायचा आणि विचारायचा, कसा झाला. मी रंगवून सांगायचो. आजीबाई काठी टाकून नाचल्या, नवरी मांडवातून उठून बघायला आली, व्याह्यांनी फेटे उडवले. गप्पा मारायला मला काय लागतं. आवाजाचं नाव तेवढं मी दर वेळी आठवणीने नवं घ्यायचो.

भागाबाई मात्र आमच्यासारखी निर्लज्ज नव्हती. एक दिवस ती दुकानात आली. पदराचं टोक चावत उभी राहिली. म्हणाली, "नाना, तुम्हीच सांगा त्यास्ले. मना कान दुखस, मना हात थांबस, आन त्या समजतस माले आवडनं." मी म्हटलं, तूच का सांगत नाहीस. तर म्हणाली, मी बोलले तर त्यांना खोटं वाटेल, त्यांनी स्वतःच तसं ठरवून दिलं आहे. मी म्हणालो, बघतो. ती वाट बघून गेली. मग तिने तिच्या परीने एक उपाय केला. आवाज कितीही टोचला तरी हात थांबवायचा नाही. दात दाबून, थप थप थप, लय न चुकवता. तिला वाटलं, हात थांबला नाही की तो आवाज टाकून देईल आणि दुसऱ्या वाटेला लागेल.

तो दुसऱ्या वाटेला लागला नाही. त्याला वाटलं आपल्या आवाजांतला जीव कमी पडतोय. आठवड्यामागून आठवडे एकही नवा आवाज पास होईना; झिपरूला तो मागचे पास झालेलेच आलटूनपालटून भरून द्यायचा. तो वरचे थर वाढवत गेला, बारावा, चौदावा, सोळावा. जेवण कमी झालं. दुरुस्तीला आलेले रेडिओ कपाटावर धूळ खात पडले. आणि बायको पाठमोरी बसून, कानात भाले घेत, न थांबता भाकऱ्या थापत होती. त्या दोघांनी त्या काळात किती भाकऱ्या खाल्ल्या असतील आणि त्यांना काय चव लागली असेल, देव जाणे.

फुटलं ते पंच्याण्णवच्या मे महिन्यात. भागाबाईच्या भाचीचं लग्न भडगावला होतं. बँड नवऱ्याकडच्यांनी ठरवला होता आणि तो आमचाच निघाला. लोटन एसटीतून उतरला तेव्हा वरात समोरूनच येत होती. मी तिथे नव्हतो, पण झिपरूने मला हे इतक्या वेळा सांगितलं आहे की मी असल्यासारखाच आहे.

लोटन थांबून ऐकत राहिला. मग झपाझप हातगाडीवर चढला आणि भोंग्याच्या मागचा स्क्रू पिळायला लागला. त्याला आवाज गोधडीखालून आल्यासारखा मंद लागत होता. भोंगा गेला आहे असं त्याला वाटलं. दुसरा भोंगाही तसाच. मग त्याने वाकून झिपरूच्या पट्ट्यांकडे कान नेला, आणि आवाज ज्या ढंगाने चढत होता तो ढंग त्याने ओळखला.

"हाऊ तर जीन शे," तो म्हणाला. "मी तुले काल दुसरा भरी दिधा."

झिपरूचे हात पट्ट्यांवरून खाली आले. वरात थबकली. पोरं ओरडू लागली. झिपरू रडत होता, आणि रडता रडता त्याच्या तोंडून निघालं, "तो कानले लागस, भाऊ."

"कोना कानले?"

"बठ्ठास्ना." म्हणजे सगळ्यांच्याच.

लोटन गाडीवरून उतरला. भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, पंगतीत बसला, जेवला, आणि बायकोबरोबर एसटीने परत आला. वाटेत तिने त्याला सगळं सांगितलं. पहिल्यांदा हात का थांबत होता, नंतर तो तिने का थांबू दिला नाही. त्याने एकच विचारलं, की कुठल्या आवाजापासून दुखायला लागलं. तिला नेमकं सांगता येईना. हळूहळू वाढत गेलं होतं, आणि आवडून थांबलेला हात कुठे संपला आणि दुखून थांबलेला कुठे सुरू झाला, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. वहीत चाळीसेक खुणा होत्या. त्यातल्या किती खऱ्या, हे आता कुणालाच माहीत नव्हतं.

तीन दिवसांनी तो कान दाखवायला जळगावला गेला. धुळ्यात कानाचे डॉक्टर नव्हते असं नाही. पण धुळ्यात गेला असता तर डॉक्टरांच्या आधी मला कळलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी परतल्यावर तो आधी माझ्याकडेच आला. खिशातून कागद काढून मशीनच्या फळीवर पसरला. त्यावर कुठल्या सुराचं त्याला किती ऐकू येतं ते दाखवणारी एक रेघ होती, डावीकडून सरळ निघालेली आणि पुढे विहिरीत पडावं तशी खाली गेलेली. डॉक्टरांना ते समजावून सांगावं लागलं नव्हतं. आकडे त्याच्या रोजच्या ओळखीचे होते. त्याने रेघेवर बोट ठेवलं.

"इथपावत मी शे. इथून पुढे मी नही."

मग वही काढली आणि कागदाशेजारी ठेवली. जिथे रेघ खाली जात होती, नेमक्या तिथल्या थरांचे आकडे वहीत पानागणिक वर चढत गेले होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एवढं तर माझ्यासारख्या शिंप्यालाही दिसलं. दोन्ही तुकडे एकमेकांत बसत होते, बाही खांद्याला बसावी तसे.

"मी मना खड्डा भरी राहिंथू, नाना," तो म्हणाला. "आन दगड तुम्हना डोकावर पडी राहिंथात."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याने हाताने थांबवलं आणि शांतपणे विचारलं, की माझ्याकडच्या त्या आजीबाई, काठी टाकून नाचल्या त्या, त्या खऱ्या होत्या का. मी मान हलवली. नवरी उठून आली ती? मी पुन्हा मान हलवली. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

दोन महिने त्याचं दुकान अर्धं उघडं असायचं. आम्हाला वाटलं संपलं. पण तो एक आवाज करत होता. या वेळी कानाने नाही आणि बायकोच्या हातानेही नाही. जळगावच्या कागदावरून. कुठल्या ठिकाणी आपला कान किती कमी आहे तेवढं मोजायचं, आणि आपल्याला जे गोड लागेल त्यातून तेवढं वजा करायचं. म्हणजे त्याने स्वतःसाठी आवाज बनवायचा आणि मग त्यातून स्वतःला काढून टाकायचं. निव्वळ बेरीज-वजाबाकी. तयार झाला तेव्हा तो त्याला स्वतःला ओल्या गोणपाटासारखा ऐकू येत होता. त्याने झिपरूला बोलावलं, मशीनमधून सरळ कॅसिओत भरून दिला, आणि सांगितलं, कानबाईला वाजव.

श्रावणातला सोमवार. सकाळी आठ-नऊची वेळ. आदल्या दिवशी घरोघरी कानबाई देवी बसलेली, प्रसादाचे रोट खाऊन झालेले, आणि आता सगळ्या गल्ल्यांतून बायका तिला डोक्यावर घेऊन विसर्जनाला पांझरा नदीकडे निघालेल्या. फारुख मास्तरांचा बँड आमच्या गल्लीच्या कानबाईपुढे. झिपरूने बोट ठेवलं.

आयुष्यभर थापा मारल्यावर खरं सांगायची पाळी आली की जीभ अडखळते, तशी माझी आत्ता अडखळते आहे. तो आवाज कशासारखा होता म्हणून विचाराल, तर मला सांगता यायचं नाही. नदीत पाय टाकल्यावर घोट्याशी पाणी आधी गार लागतं आणि मग लागेनासं होतं, तसं काहीतरी. वर जाताना कुठे टोचला नाही, खाली येताना कुठे आपटला नाही. फारुख मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडापासून खाली घेतलं आणि तसेच चालत राहिले. ज्या बायकांच्या डोक्यावर कानबाई होती त्या मान न हलवता नुसत्या कमरेने डोलत होत्या. मागच्या बायकांनी हात धरले, फेर धरला. गुडघेदुखीने तीन वर्षं ओटा न उतरलेली तानुबाई त्या फेरात होती. हे मी रंगवत नाही.

लोटन कडेला उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो. त्याने मान वाकडी करून, माझ्या ओठांकडे बघत विचारलं.

"कसं शे, नाना?"

"लोटन," मी म्हणालो, "असा आवाज तू जन्मात केला नव्हता. तुझी शपथ."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. बिघडलेला रेडिओ हातात घेऊन, ह्याच्यात आता काय राहिलं आहे, असं बघावं तसा.

"सुईलेबी तुम्ही एक नंबर म्हनेल व्हतात."

मी म्हणालो, लोकांकडे तर बघ, तानुबाई नाचते आहे. तो म्हणाला, कानबाईपुढे लोक नुसत्या ताटावरही नाचतील. फारुख मास्तरांनी येऊन देवाची शपथ घेतली. त्याने त्यांचाही हात हळूच सोडवला. मग त्याने गर्दीत भागाबाईला शोधलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला आणि म्हणाली, चांगलं शे, चांगलं शे. पण ते तर ती गाढवालाही म्हणाली होती. दुसरा शब्द तिच्याकडे नव्हता. त्याने तिच्या हातावर थोपटलं आणि मिरवणूक नदीकडे वळली तेव्हा तो उलट्या वाटेने घरी गेला.

आकडे त्याने वहीत लिहिले नव्हते. घरी पोचल्या पोचल्या मशीनमधूनही पुसले. माझ्या टेपवर उतरवून बघितला, पण 'जीन'सारखा तो कॅसेटवर उतरेना, नुसता सांगाडा यायचा. झिपरूने अकरा दिवस कॅसिओचं बटण बंद केलं नाही. विजेवर लावून ठेवला, जेवायलासुद्धा तिथेच बसायचा, पोरींना जवळ फिरकू दिलं नाही. बाराव्या दिवशी वीज गेली. आतले सेल कधीच संपले होते.

तो लोटनकडे गेला, रडला, पुन्हा भरून द्या म्हणाला. लोटन म्हणाला, तो कसा होता ते मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांचं मी कसं मानू. हे तो टोमणा म्हणून बोलला असता तर बरं झालं असतं. तो खरोखरच विचारत होता.

पुढे त्याने पाटी बदलली. रेडिओ-टेपरेकॉर्डर पुसून पंखे, मिक्सर, इस्त्री असं लिहिलं. काम चोख, माणूस तसाच कमी बोलणारा. फारुख मास्तरांचा बँड इतर बँडांसारखा झाला. भागाबाईशी तो चांगला वागायचा, माझ्याशीही. पण कुणाला काही विचारायचा नाही. चहा कसा झाला, सदरा कसा बसला, पाऊस कसा पडला, काही नाही.

मागे माझ्या दुकानातला पंखा त्याच्याकडे दिला होता. खडखडायचा. त्याने दुरुस्त करून आणला, स्वतः शिडीवर चढून बसवला. पंखा असा फिरायला लागला की टाचणी पडली तरी ऐकू यावी. मी खालून ओरडलो, लोटन, बिलकुल आवाज नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातून मीटर काढलं, त्याच्या दोन वायरी बटणाला लावल्या, काटा कुठे थांबतो ते बघितलं, आणि मग शिडी उचलून गेला.